नाव आपलं, उत्तर दुसऱ्याचं: सीनेम रेकॉर्डविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतल्या, एकाच रेकॉर्डभोवती (नोंदीभोवती) फिरतात: सीनेम. वेबसाइट, मेल किंवा ऑनलाइन दुकानाची सेवा देणाऱ्या कंपन्या ‘अमुक नावाला आमच्याकडे सीनेम करा’ अशी एका ओळीची सूचना पाठवतात. ती ओळ पॅनेलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी भरायच्या पानावर, भरल्यावर नेमकं काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. ए रेकॉर्डमध्ये आपण नावासमोर आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता, लिहितो. सीनेममध्ये नावासमोर दुसरं नाव लिहितो आणि जगाला सांगतो, की या नावाबद्दल जे काही विचारायचं ते त्या नावाला विचारा. ‘जे काही’ या शब्दांवर माझा भर आहे, कारण खालची बरीच उत्तरं तिथूनच निघतात. वाचकांची खरी डोमेन उघड करायची नाहीत, म्हणून सगळीकडे ‘उदाहरण.इन’ असं लिहिलं आहे.

प्रश्न : आमचा रत्नागिरीत हापूसचा व्यवसाय आहे. ऑनलाइन दुकान एका तयार सेवेवर थाटलंय. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की साइट उघडते, न लावता उघडत नाही. नुसत्या डोमेनला सीनेम भरायला गेलो तर पॅनेल ‘इथे आधीच रेकॉर्ड आहेत’ म्हणून नकार देतं. यातून मार्ग काय?

पॅनेलचा नकार योग्य आहे, आणि त्याने तो दिला याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. का ते पुढच्या प्रश्नात दिसेल. डीएनएसचे रचनाकार पॉल मोकापेट्रिस यांनी १९८७ साली लिहिलेल्या आरएफसी १०३४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजातच हा नियम आहे: ज्या नावाला सीनेम आहे, त्या नावावर दुसरा कुठलाही रेकॉर्ड ठेवायचा नाही. आणि तुमच्या मूळ डोमेनवर, म्हणजे नुसत्या उदाहरण.इन या नावावर, एसओए (डोमेनची मूळ माहिती) आणि एनएस (त्याचे डीएनएस सर्व्हर कोणते ते) हे दोन रेकॉर्ड असावेच लागतात. ते नसतील तर डोमेनच चालणार नाही. म्हणजे मूळ डोमेनला सीनेम देता येत नाही. पॅनेल बदललं, कंपनी बदलली तरी हा नियम तोच राहतो.

मार्ग तीन-चार आहेत. पहिला सरळ मार्ग म्हणजे मूळ डोमेनला ए रेकॉर्ड द्यायचा. बऱ्याच सेवा त्यासाठी ठरलेले आयपी पत्ते जाहीर करतात. गिटहब पेजेस या साइट ठेवण्याच्या सेवेचंच पाहा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी ते त्यांच्या नावाकडे सीनेम करायला सांगतात, आणि मूळ डोमेनसाठी १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंतचे चार पत्ते देतात. तोटा एकच: उद्या त्यांनी पत्ते बदलले तर तुमच्या पॅनेलमध्येही ते तुम्हालाच बदलावे लागतील. सीनेम असता तर तुम्हाला कळलंही नसतं.

दुसरा मार्ग डीएनएस सेवा देणाऱ्यांनी काढला. कुणी त्याला ‘एलियस’ म्हणतं, कुणी ‘एनेम’, तर क्लाउडफ्लेअर ‘फ्लॅटनिंग’ म्हणतं. कल्पना सगळीकडे एकच आहे. पॅनेलमध्ये तुम्ही दुसरं नाव लिहायचं. कुणी विचारलं की डीएनएस कंपनीचा सर्व्हर त्या नावाचा आयपी पत्ता स्वतःच शोधून आणतो आणि साध्या ए रेकॉर्डसारखा देतो. बाहेरच्या जगाला सीनेम दिसतच नाही, त्यामुळे नियमही मोडत नाही. पण ही प्रत्येक कंपनीची आपापली सोय आहे, प्रमाण नाही. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेतला एलियस मुख्यतः ॲमेझॉनच्याच सेवांकडे बोट दाखवू शकतो. शिवाय जिथे ग्राहकाच्या ठिकाणानुसार जवळचा सर्व्हर दिला जातो, तिथे कधी कधी ग्राहकाच्या जवळचा पत्ता न मिळता डीएनएस कंपनीच्या सर्व्हरच्या जवळचा मिळतो.

नोव्हेंबर २०२३ च्या आरएफसी ९४६० ने एचटीटीपीएस नावाचा नवा रेकॉर्ड आणलाय. तो मूळ डोमेनवर चालतो आणि दुसऱ्या नावाकडे बोटही दाखवू शकतो. उद्याचा मार्ग हाच असावा असं मला वाटतं. आज मात्र केवळ त्याच्या भरवशावर दुकान चालवू नका, सगळे ब्राउझर त्याच्या या उपयोगाला अजून नीट साथ देत नाहीत.

तुमच्यासाठी माझा सल्ला: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हाच मुख्य पत्ता धरा आणि त्याचा सीनेम आहे तसा राहू द्या. मूळ डोमेनला कंपनीने दिलेला ए रेकॉर्ड लावा आणि तिथे येणाऱ्याला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर पाठवण्याची सोय त्यांच्या सेटिंगमध्ये चालू करा. हे सगळं मार्च उजाडायच्या आत उरका. पेट्या निघायला लागल्यावर डीएनएसला हात लावू नये.

प्रश्न : पुण्यात आमचं सीएचं ऑफिस आहे. आमच्या मूळ डोमेनला पूर्वीच्या वेब डिझायनरने सीनेम लावलाय, पॅनेलने तो घेतलाही. साइट उत्तम चालते. पण काही अशिलांच्या मेल येतात, काहींच्या चार-पाच दिवसांनी त्यांच्याकडेच परत जातात. मेल कंपनी म्हणते आमच्याकडे सगळं ठीक आहे. दोष कुणाचा?

त्या सीनेमचा. तुमचं पॅनेल रत्नागिरीच्या वाचकाच्या पॅनेलइतकं कडक नाही, एवढाच फरक.

एक मेल नेमकी कशी हरवते ते पाहू. अशिलाचा मेल सर्व्हर त्याच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे डीएनएसमधली उत्तरं शोधून साठवून ठेवणाऱ्या सर्व्हरला, विचारतो, ‘उदाहरण.इनचा एमएक्स (मेल घेणारा सर्व्हर) कोणता?’ रिझॉल्व्हरच्या साठवणीत तुमच्याबद्दल काहीच नसेल तर तो थेट तुमच्या डीएनएस सर्व्हरकडे येतो. तुमचा सर्व्हर ढिला असल्यामुळे सीनेम असूनही एमएक्स देऊन टाकतो, आणि मेल पोचते. आता समजा, त्याच रिझॉल्व्हरमधून पाच मिनिटांपूर्वी कुणीतरी तुमची साइट उघडली होती. तेव्हा त्याच्या साठवणीत तुमचा सीनेम जाऊन बसलाय. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला: या नावाबद्दल जे काही विचारायचं ते त्या दुसऱ्या नावाला. मग तो वेबसाइट कंपनीच्या नावाचा एमएक्स शोधायला जातो. तिथे एमएक्स नसतो. एमएक्स नसला तर त्या नावाच्या ए रेकॉर्डवरच मेल द्यायची, असा मेलचा नियम आहे. त्यामुळे अशिलाचा सर्व्हर वेब सर्व्हरचं पंचवीस क्रमांकाचं पोर्ट (मेलचं दार) ठोठावत बसतो. ते बंद. मेल रांगेत पडते, पुन्हा पुन्हा प्रयत्न होतात आणि चार-पाच दिवसांनी सर्व्हर हात टेकतो. तुमच्या मेल कंपनीपर्यंत ती मेल आलेलीच नसते, म्हणून त्यांच्या नोंदींत काहीच सापडत नाही. ते खोटं बोलत नाहीत.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की ज्या अशिलाच्या ऑफिसातून तुमची साइट वारंवार उघडली जाते, त्याचीच मेल हरवण्याची शक्यता जास्त.

सीनेम आजच काढा. त्या जागी ए रेकॉर्ड किंवा वर सांगितलेला एलियस लावा. तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारा एसपीएफचा टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्डही मूळ डोमेनवरच असतो. त्याचीही हीच गत झालेली असणार, म्हणजे तुम्ही पाठवलेल्या मेलही काही ठिकाणी स्पॅममध्ये पडल्या असतील. आणि एमएक्सच्या उजव्या बाजूला जे नाव लिहिलंय त्यालाही सीनेम नाही ना, हे तपासा. १९९७ च्या आरएफसी २१८१ ने तेही मना केलंय. विवरणपत्रं भरण्याच्या मुदतीच्या आठवड्यात हे निस्तरावं लागू नये.

प्रश्न : नाशिकच्या आमच्या संस्थेने नाव बदललं, डोमेनही नवं घेतलं. जुन्या पत्त्यावर येणारे नव्यावर जावेत म्हणून जुन्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला नव्याकडे सीनेम केला. आता ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. पुढे गेलं तरी वरच्या पट्टीत जुनंच नाव!

हा गैरसमज फार पसरलेला आहे. सीनेम ब्राउझरला कुठेही ‘पाठवत’ नाही. ब्राउझरच्या हाती शेवटी फक्त आयपी पत्ता पडतो. मधे कोणती नावं होती हे त्याला ठाऊकही नसतं. तो त्या पत्त्यावर जाऊन जुन्या नावानेच साइट मागतो आणि सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्रही जुन्या नावाचंच मागतो. तुमच्या नव्या सर्व्हरकडे फक्त नव्या नावाचं प्रमाणपत्र आहे, म्हणून तो लाल इशारा.

तुम्हाला हवं आहे ते रीडायरेक्ट. दुकान हलवल्यावर जुन्या गाळ्यावर ‘आम्ही अमुक ठिकाणी गेलो’ अशी पाटी लावतात, तसं. ती पाटी लावायला जुन्या गाळ्यात कुणीतरी असावं लागतं. म्हणजे जुन्या नावाला उत्तर देणारा वेब सर्व्हर हवा, त्याच्यावर जुन्या नावाचं वैध प्रमाणपत्र हवं, आणि तिथून ‘कायमचे हललो’ असं सांगणारं ३०१ क्रमांकाचं उत्तर जायला हवं. सीनेम ठेवायला हरकत नाही, पण समोरच्या सर्व्हरला जुनं नावही ओळखायला शिकवावं लागेल. याच कारणाने सीनेममध्ये ‘एचटीटीपीएस’, तिरपी रेघ, पानाचा पत्ता किंवा पोर्ट यांतलं काहीही लिहिता येत नाही. तिथे फक्त नाव.

जुनं डोमेन पुढची काही वर्षं नूतनीकरण करत राहा. संस्थेच्या पावत्यांवर, पत्रकांवर आणि लोकांच्या फोनमध्ये ते नाव अजून आहे. सुटलेलं डोमेन कुणीही उचलू शकतं.

प्रश्न : सगळं सूचनेप्रमाणे भरलं, तरी ‘नाव सापडत नाही’ असंच येतं. (कोल्हापूर)

तुम्ही पाठवलेल्या डिगच्या (डीएनएस तपासणाऱ्या आज्ञेच्या) उत्तरात उजव्या बाजूला पुरवठादाराचं नाव आणि त्याच्या शेपटीला पुन्हा तुमचं उदाहरण.इन चिकटलेलं दिसतं. शेवटचा टिंब राहिलाय. झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डच्या यादीत, ज्या नावाच्या शेवटी टिंब नसतो ते अर्धवट धरून त्यापुढे आपलं डोमेन जोडलं जातं. काही पॅनेल टिंब स्वतः लावतात, काही नाहीत. डाव्या बाजूला याच्या उलट चूक होते: फक्त ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लिहायचं असतं आणि लोक पूर्ण नाव लिहितात. दुरुस्तीनंतरही थोडा वेळ ‘सापडत नाही’ येईल. नकाराचं उत्तरही रिझॉल्व्हर साठवून ठेवतात.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी एका क्लाउड सेवेवर साइट केली होती, कॉलेजच्या उपडोमेनवर. कार्यक्रम संपल्यावर तिथलं खातं बंद केलं. आता त्या पत्त्यावर ऑनलाइन जुगाराची जाहिरात दिसते, तीही कॉलेजच्या नावाने आणि ब्राउझरच्या कुलपासकट! आमचा सर्व्हर हॅक झाला का?

तुमच्या सर्व्हरला कुणी हातही लावलेला नाही. खातं बंद झालं, पण कॉलेजच्या डीएनएसमधला सीनेम तसाच राहिला. तो ज्या नावाकडे बोट दाखवतो ते नाव क्लाउड सेवेवर मोकळं झालं होतं. कुणीतरी त्याच सेवेवर खातं काढून ते नाव घेतलं. असे लोंबकळणारे सीनेम शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, आणि कॉलेजं, विद्यापीठं, सरकारी कार्यालयं त्यांना विशेष आवडतात, कारण त्या नावांवर लोकांचा आणि शोधयंत्रांचा विश्वास असतो.

कुलूप कसं आलं हेही समजून घ्या. प्रमाणपत्र देणारी संस्था एवढंच तपासते, की या नावावरच्या साइटवर सांगितलेली फाइल ठेवता येते का. सीनेममुळे ती साइट त्या माणसाच्या ताब्यात आहे, म्हणून तो फाइल ठेवू शकतो. प्रमाणपत्र खरं आहे, नियमानुसार दिलेलं आहे. सीनेम देणं म्हणजे त्या नावाचा ताबा समोरच्याला देणं, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो ते याचसाठी.

नुकसान जाहिरातीपुरतं थांबत नाही. विद्यार्थी पोर्टलची लॉगिन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) जर संपूर्ण उदाहरण.इनसाठी दिलेली असेल, तर ती या उपडोमेनवर येणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमधून त्या माणसाच्या सर्व्हरवर जाते. शुल्क भरण्याचं बनावट पान तिथे टाकलं तर पालकांनी पत्ता तपासूनही त्यांना ते कॉलेजचंच वाटेल.

आत्ता करायचं ते असं. आधी सीनेम काढून टाका, बाकी चौकशी नंतर. टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, संपेपर्यंत तो काही ठिकाणी जिवंत राहील. मग सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या सार्वजनिक नोंदींत तुमच्या डोमेनच्या नावाने कोणती प्रमाणपत्रं निघाली आहेत ते शोधा आणि अनोळखी असतील ती रद्द करायला ती देणाऱ्या संस्थेला कळवा. गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या सेवेत) कुणी अनोळखी मालक म्हणून घुसलाय का तेही पाहा. जाहिरातीची पानं शोधात लवकर वर यावीत म्हणून ही मंडळी तेही करतात. पोर्टलचे सगळे लॉगिन एकदा रद्द करून नव्याने घ्यायला लावा.

त्यानंतर मात्र बसून संपूर्ण झोन फाइल वाचा. प्रत्येक सीनेमसमोर तीन गोष्टी लिहा: कशासाठी, कुणी मागितला, कधीपर्यंत. ज्याला उत्तर नाही तो काढण्याच्या यादीत. कॉलेजांत विद्यार्थी प्रतिनिधी दरवर्षी बदलतात, त्यामुळे ही माहिती कुणाच्या डोक्यात राहू शकत नाही, ती संगणक विभागाच्या नोंदवहीतच हवी. आणि पुढच्या वेळी आवराआवरीचा क्रम उलटा ठेवा: आधी डीएनएसमधला सीनेम काढायचा, टीटीएल जाऊ द्यायचा, मग क्लाउडवरचं खातं बंद करायचं. ॲझ्युअर, गिटहब यांसारख्या सेवा डोमेनची मालकी टीएक्सटी रेकॉर्डने सिद्ध करून घेण्याची सोय देतात. ती वापरली असती तर दुसऱ्या कुणाला तुमचं नाव तिथे लावता आलं नसतं.

प्रश्न : मेलवर वार्तापत्र पाठवणाऱ्या एका कंपनीने आमच्या डोमेनवर तीन विचित्र सीनेम मागितलेत, नावात ‘डोमेनकी’ आणि खालची रेघ. त्याच आठवड्यात जाहिरात एजन्सीनेही ‘माहिती.उदाहरण.इन’ त्यांच्याकडे सीनेम करायला सांगितलं. दोन्ही द्यावेत का? (छत्रपती संभाजीनगर)

पहिले द्या. ते डीकेआयएमचे आहेत. तुमच्या नावाने जाणाऱ्या मेलवर ती कंपनी सही करते आणि सही तपासायची किल्ली डीएनएसमध्ये ठेवते. तुम्ही टीएक्सटीमध्ये किल्लीच चिकटवली, तर ती बदलायची झाली की दर वेळी तुम्हाला पॅनेल उघडावं लागेल. सीनेममुळे किल्ली त्यांच्याकडे राहते आणि ते वेळोवेळी बदलू शकतात. सीनेमचा हा फार चांगला उपयोग आहे. मात्र त्या कंपनीची सेवा सोडलीत की त्याच दिवशी ते तिन्ही काढा, नाहीतर तुमच्या नावाने सही करण्याची मुभा तिच्याकडे तशीच राहील.

दुसरा देऊ नका, निदान मागचं कारण कळेपर्यंत तरी. अशा मागणीमागे बहुतेकदा हेतू असतो तो एजन्सीच्या मागोवा घेणाऱ्या सर्व्हरला तुमच्या साइटचा भाग भासवण्याचा, म्हणजे ब्राउझर त्याच्या कुकी अडवणार नाहीत. सफारीने २०२० पासून असा बुरखा ओळखून त्या कुकींचं आयुष्य सात दिवसांवर आणलंय. मला त्याहून मोठी काळजी वाटते ती वर कॉलेजच्या उत्तरात सांगितलेल्या लॉगिन कुकीची. तुमच्या साइटवर ग्राहक लॉगिन करत असतील, तर ती कुकी एजन्सीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. ग्राहकांना न सांगता हे करणं मला पटत नाही. एजन्सीला फारच गरज असेल तर मोजमापासाठी वेगळं डोमेन घ्यायला सांगा.

प्रश्न : पणजीत आमचं होमस्टे आहे. बुकिंगची साइट नव्या सेवेवर हलवायची आहे. सगळे सांगतात, ४८ तास लागतातच. हे खरं का?

‘लागतातच’ असं नाही. रिझॉल्व्हर जुनं उत्तर टीटीएलइतका वेळ जवळ ठेवतो, बाकी काही गूढ नाही. आत्ता टीटीएल ८६४०० सेकंद असेल तर एक दिवस. हलवायच्या दोन दिवस आधी तो ३०० करा, मग सीनेम बदला. बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत नवी साइट दिसेल. तुमचा सीनेम ज्या नावाकडे जातो त्याचा स्वतःचा टीटीएल असतो, तो तुमच्या हातात नाही. ४८ तासांची गोष्ट मुख्यतः नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचे डीएनएस सर्व्हरच, बदलताना लागू होते. जुनी सेवा मात्र आठवडाभर चालूच ठेवा, चतुर्थीच्या सुट्ट्यांचं बुकिंग चालू असेल तर नक्कीच.

प्रश्न : आमच्या प्रकाशन संस्थेचं रोमन लिपीतलं डोमेन आहे, आता देवनागरीत .भारतही घेतलं. दोन्हींवर एकच साइट हवी. देवनागरी नावाला सीनेम चालतो का? (ठाणे)

चालतो. देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळतंय, आणि मराठी, कोकणी संस्थांनी ते घ्यावं असं मला मनापासून वाटतं. डीएनएसच्या आत मात्र देवनागरी जात नाही. टिंबांमधला प्रत्येक तुकडा ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात बदलून ठेवला जातो. चांगलं पॅनेल ते स्वतः करतं. नाही केलं तर डोमेन देणाऱ्याकडून ते रूप मागून घ्या आणि तेच भरा.

देवनागरी नावाच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला रोमन नावाच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे सीनेम करा. मूळ देवनागरी डोमेनला ए रेकॉर्ड किंवा एलियस. मग होस्टिंगच्या सेटिंगमध्ये दोन्ही नावं नोंदवा, दोन्हींचं प्रमाणपत्र काढा, आणि कोणतं नाव मुख्य ते ठरवून दुसऱ्यावरून ३०१ लावा. पुस्तकांच्या मलपृष्ठावर जे नाव छापणार तेच मुख्य धरा.

उद्या दिवाळी अंकासाठी, लेखकांसाठी अशी बरीच उपडोमेन काढायची असतील तर डीनेम नावाचा रेकॉर्ड पाहा. तो एका नावाखालची सगळी झाडी दुसऱ्या नावाखाली नेतो, पण ते नाव स्वतः त्यात येत नाही, त्याच्यासाठी वरचीच व्यवस्था ठेवावी लागते. फारच थोडी पॅनेल तो देतात, म्हणून घेण्याआधी विचारा.